लाल पापणीच्या मेंढ्या

मेंढी उठायला गेली, पुढचे पाय टेकले आणि तोंडावर पडली. मी पोटाखाली हात घालून तिला उभी केली, तर पुन्हा पडली. मग तिनं पाय ताणले आणि संपली. तिच्या आधी दोन मेंढ्या वाघरीच्या, म्हणजे कळप कोंडायच्या जाळीच्या, कडेला मरून ताठल्या होत्या. आणखी एक उभी होती. तिच्या जबड्याखाली पाणी भरून पिशवी लोंबत होती. समोर चारा होता तरी ती नुसती जमिनीकडं बघत उभी होती.

माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, तो "विष".

मुलगा म्हणाला, "आयं, हळू बोल. रानाचा मालक आयकंल."

"आयकू दे की. आयकावं म्हणूनच बोलतीया."

आमचं गाव आटपाडीच्या बाजूला. त्या वर्षी आमच्याकडं पाऊस झालाच नाही, म्हणून दिवाळीची वाट न बघता आम्ही दसऱ्यालाच कळप घेऊन निघालो आणि विट्यावरून कोरेगावच्या बाजूला उतरलो. तिथं सोयाबीन निघालेलं रान होतं, शेजारून पाट वाहत होता आणि पाटाच्या दोन्ही अंगाला गुडघ्याएवढं गवत. मेंढ्या रानात बसवल्या की मालकाला लेंडीखत मिळतं आणि आम्हाला धान्य. एरवी आम्ही एका रानात चार-दोन रात्री बसतो आणि पुढं सरकतो. या मालकानं मात्र आग्रहच धरला. म्हणाला, माझी सगळी रानं झाल्याशिवाय जाऊ नका. वर परतीचा पाऊसही धरून बसला. वाटा चिखलानं भरल्या, म्हणून आम्ही महिनाभर त्या एकाच पाटाच्या कडेला फिरत राहिलो.

कुणी फार आग्रह करायला लागलं की मला खटकतं. तेव्हाही खटकलं होतं.

मालक फौजेतून निवृत्त झालेला माणूस. मी विष म्हणते हे कळल्यावर तो तसाच बनियनवर बांधावर आला.

"मावशी, म्या फौजेत नोकरी केली. दुश्मनाला बी पाठीमागनं मारलं न्हाई. तुमच्या मेंढरांस्नी कशाला मारू?"

"बांधाला तणनाशक कवा मारलंत?"

"बांधाचं गवत जळालंय का? डोळ्यानं बघा की."

"गवत बघितलं म्या. आता तुमचं तोंड बघतीया."

त्याला राग आला, पण तो हसला. म्हणाला, "मग फाडून बघा एखादी. पोटात विष असंल तर माझ्या दारात आणून टाका."

जंत असतील हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि त्याला कारण होतं. पोटात जंत झाले की मेंढीला हगवण लागते, मागचे पाय घाण होतात, असं आम्ही समजतो. या मेंढ्यांच्या लेंड्या कोरड्या, गोल, पडायला पाहिजेत तशा. अंगावर मांसही बरं होतं. चांगली दिसणारी मेंढी दोन दिवसांत मरते, तर तिला माणसानंच मारली असणार. शिवाय रानात आलो तेव्हाच मुलानं अख्ख्या कळपाला जंताचं पांढरं औषध पाजलं होतं. दरवर्षी नवीन रानात उतरताना तो पाजतो. एकसुद्धा मेंढी सोडत नाही.

मालकाच्या बोलण्यावर मी मेंढी फाडली. मुलगा नको म्हणत होता. मेलेलं जनावर पुरून टाकायचं, उघडून बघायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. मी म्हटलं, रीत मेंढी जगवत नसंल तर बघूया उघडून. आत रक्त असं नव्हतंच. लालसर पाणी. काळीज पांढुरकं, मातीच्या रंगाचं. आणि मेंढीच्या चार पोटांतल्या शेवटच्या पोटात, जिथून पुढं आतडं सुरू होतं तिथं, दोऱ्यासारखे बारीक जंत वळवळत होते. लाल दोरा पांढऱ्या दोऱ्याला पिळून घातल्यासारखे. मूठभर तरी असतील.

मालकानं बघितलं आणि तो घरी गेला. थोड्या वेळानं त्याच्या बायकोनं भाकरी पाठवली. मी भाकरी घेतली, पण तिचा पहिला तुकडा कुत्र्याला घातला. कुत्रं ठणठणीत राहिलं, तेव्हा आम्ही खाल्ली.

आता विष नाही हे कळलं, तर दुसरा प्रश्न उभा राहिला. औषध पाजलं होतं, मग जंत आले कुठून? एक तर दुकानदारानं पाण्यात चुना कालवून दिला होता, नाहीतर माझ्या मुलानं औषध पुरवून पुरवून कमी पाजलं होतं. मी दोघांचंही नाव घेतलं. मुलगा दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

पण त्याच दिवशी मला आणखी एक गोष्ट दिसली. मेल्या त्या सगळ्या मेंढ्या आमच्या खुणेच्या होत्या. पडायला आलेल्याही आमच्याच.

ही खूण काय ते सांगते. आमच्यात लग्नात मुलीला तिचा बाप मेंढ्या देतो. त्या सासरच्या कळपात चरतात, पण त्यांच्या कानाला माहेरची खाच असते, आणि त्यांच्या पोटच्या माद्यांच्या कानालाही तीच खाच पाडतात. लोकर, दूध, सगळं घरात येतं. पण ती मेंढी विकायची तर त्या बाईला विचारावं लागतं. माझ्या सुनेचं माहेर जतच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेला. तिच्या मेंढ्या काळ्या, ठेंगण्या, दिसायला दळभद्री. आमच्या मेंढ्या मुलानं मोठे बकरे, म्हणजे मेंढ्यांतले नर, लावून वाढवलेल्या, उंच. लोक कळप बघायला यायचे, तेव्हा मुलगा सुनेच्या मेंढ्या मागं ठेवायचा.

आणि आता त्या दळभद्र्या मेंढ्या कचाकच गवत खात होत्या.

मी दोन दिवस सुनेवर नजर ठेवली. सकाळी ती आधी कुणाकडं जाते, कुणाच्या तोंडात हात घालते, पदराखाली काय असतं. ती पाण्याला गेली तेव्हा मी तिची पिशवी उपसून बघितली. भंडाऱ्याची पुडी निघाली, एक आरसा, मोबाइलची वायर. औषधाची बाटली नव्हती. पण बाटली पिशवीतच ठेवील इतकी ती बावळट नाही, हेही मला माहीत होतं. शेवटी मी तोंडावरच विचारलं.

"तुझ्या का मरत न्हाईत?"

ती लोकर झटकत होती. तिनं मान वर केली. "मराया पायजेत व्हय?"

"म्या काय इचारलं?"

"आवं आत्या, तुमी इचारलं तेच म्या इचारलं."

"चोरून काय पाजतीस का त्यास्नी?"

"पाजलं असतं तर तुमच्याबी मेंढरांस्नी पाजलं असतं. मेली की पुरायचा खड्डा मलाच खणाय लागतोय."

"मग तुझ्या बापानं काय जादू करून दिल्यात?"

"बापानं काय बी केलं न्हाई. आमच्याकडं औषध पाजायची पद्धतच न्हाई. मेली ती मेली, ऱ्हायली तिची पिल्लं धरायची."

"कंजूस हाय तुझा बा."

"व्हय, हाय की," ती म्हणाली आणि परत लोकर झटकायला लागली.

तिचं उत्तर मला पटलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या औषध न बघितलेल्या वंशाची मेंढी जगते आणि दरवर्षी पाजलेल्या वंशाची मरते, हे कुणाला पटेल?

तिसऱ्या दिवशी मालकानंच सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरणीला फोन करून बोलावलं. वयानं माझ्या नातीएवढी. तिनं मेंढ्यांकडं लांबून बघितलंसुद्धा नाही. सरळ एकीला पायांत धरली आणि अंगठ्यानं खालची पापणी ओढून आतला रंग बघितला. मग दुसरीची. आमच्या मेंढ्यांच्या पापण्या आतून भिंतीला चुना लावल्यासारख्या होत्या. सुनेच्या मेंढ्यांच्या पापण्या लाल, डाळिंबाच्या दाण्यासारख्या.

मी म्हटलं, "बाई, ह्या लाल पापणीच्या मेंढ्यास्नी कुणी चोरून औषध पाजलंय का, ते तेवढं सांगा."

सून तिथंच उभी होती. डॉक्टरणीनं माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. म्हणाली, "आजी, दोन्हींच्या लेंड्या नेते. उद्या सांगते."

मी माझ्या हातानं लेंड्या पिशव्यांत भरल्या. तिच्या मेंढ्यांच्या वेगळ्या, आमच्या वेगळ्या. पिशव्यांना मीच गाठी मारल्या. मध्ये कुणी बदलायला नको.

दुसऱ्या दिवशी ती आली ती थेट बांधावर बसली. आमच्या मेंढ्यांच्या लेंडीत जंतांची अंडी खच्चून भरली होती. सुनेच्या मेंढ्यांच्या लेंडीत थोडी होती.

"थोडी म्हंजे हायती?"

"आहेत. जंत सगळ्यांच्या पोटात आहेत, आजी. हे जंत रक्त पितात, म्हणून हगवण लागत नाही, पापणी पांढरी पडते. एकाच गवतावर चरतात त्या. लेंडीतून अंडी पडतात, ओलाव्यात त्यांच्या अळ्या होतात आणि सकाळच्या दवात त्या अळ्या गवताच्या पात्यावर चढून बसतात. तुम्ही महिनाभर तेच गवत चारलंत. आणि पांढऱ्या औषधानं तुमचे जंत मेलेच नाहीत. ते त्या औषधाला सरावलेत. मग हिनं चोरून तेच पाजलं असतं, तरी काय उपयोग झाला असता?"

हे मात्र मला लगेच कळलं. मी सुनेकडं बघितलं नाही.

"मग हिच्या मेंढ्या जगतात कशावर?"

डॉक्टरणीनं सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण तिचे शब्द मला आठवत नाहीत. मेंढीच्या अंगात राखणदार असतात. ते रक्तात फिरतात. जंताची अळी पहिल्यांदा पोटात येते, तेव्हा हे राखणदार तिला ओळखत नाहीत. म्हणून कोकरं लवकर मरतात. अळ्या थोड्या थोड्या येत राहिल्या आणि मेंढीला खायला नीट मिळालं, तर महिन्या-दोन महिन्यांत ओळख पटते. मग नवीन अळी आली की पोटाच्या आतल्या अंगाला शेंबडासारखा जाड बुळबुळीत थर सुटतो, अळीला चिकटून बसता येत नाही आणि ती वाहून जाते. जी बसते ती नीट वाढत नाही. आखूड राहते, अंडी कमी घालते. असं सगळ्या मेंढ्यांना सारखं जमत नाही. काहींच्या वंशातच हे जास्त असतं. सुनेच्या बापाकडं ज्यांना जमलं नाही त्या मेल्या, आणि ज्यांना जमलं त्यांचीच पिल्लं पुढं आली. आमच्याकडं मुलानं उंची बघून बकरे लावले आणि दर हंगामाला सगळ्यांना औषध पाजलं. त्यामुळं कुणाच्या अंगात राखण आहे आणि कुणाच्या नाही, हे कधी कळलंच नाही.

मी विचारलं, "तुमी हे राखणदार बघितल्यात?"

"दुर्बिणीखाली बघितलेत."

"म्या न्हाई बघितलं."

"पापणी बघा मग. तिथं दिसतं," ती म्हणाली. पोरीला उत्तरं येत होती. ज्याला सगळी उत्तरं येतात त्याच्यापासून मी जपून असते.

आणि लगेचच तिनं जपून राहावं असंच काही सांगितलं. दुसरं, वेगळ्या जातीचं औषध तिनं आणलं होतं. पण ते फक्त पांढऱ्या पापणीच्या मेंढ्यांना पाजायचं. लाल पापणीच्यांना अजिबात नाही.

मुलगा भडकला. "निम्म्या कळपात जंत ठेवायचं? मग औषध देता कशाला?"

"सगळ्यांना पाजलं की या औषधानंही न मरणारे तेवढेच जंत मागं राहतात. मग गवतावर त्यांचीच पिल्लावळ. लाल पापणीवाल्यांच्या लेंडीतून साधे, औषधानं मरणारे जंत पडत राहू द्या. ते त्यांच्यात मिसळले की औषध पुष्कळ दिवस चालतं."

जंत राखून ठेवायचे, असं सांगणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच बघितला. औषध कमी आणलं असेल आणि आता हे सांगत असेल, असंही मनात आलं. मी तिची पेटी उघडून बघितली. औषध पुरेसं होतं. तेव्हा मी मुलाला म्हटलं, "ती म्हणती तसं कर. मेल्या तर हिच्या मरतील." म्हणजे सुनेच्या. सुनेनं ते ऐकलं. तिनं आपल्या मेंढ्या दोरी बांधून एका अंगाला घेतल्या, म्हणजे कुणी त्यांना चुकून पाजू नये.

औषध पाजून झालं आणि संध्याकाळी व्यापारी आला. मुलानंच त्याला फोन केला होता. आमच्याकडं मेंढ्या मरायला लागल्या की एकच विचार करतात. उभ्या आहेत तोवर विकून मोकळं व्हा. आता आजारी मेंढी व्यापारी घेत नाही. मग जी धडधाकट आहे ती जाते आणि जी पडायला आलीय ती मागं राहते. माझ्या सासऱ्यानं एकदा असाच कळप काढला होता. मागं राहिलेल्या सगळ्या मेल्या आणि तो दुसऱ्याच्या मेंढ्या राखायला गेला.

व्यापारी कळपातून फिरला. त्यानं पापणी बघितली नाही, पण कमरेवर हात दाबून बघितलं. आमच्या उंच मेंढ्यांजवळून तो नाक वर करून गेला आणि दोरी बांधलेल्या काळ्या मेंढ्यांपाशी थांबला.

"ह्या घेतो. सगळ्या."

मुलगा म्हणाला, "घ्या."

सून मधे येऊन उभी राहिली. "माझ्या हायती त्या."

"कळप एकच असतो. काय तुझं आन् माझं?"

"मग खाच कशाला पाडता येगळी? काढून टाका सगळ्यांचे कान."

व्यापारी हसला. मुलाला ते लागलं. तो दोरीला हात घालायला गेला. तिनं दोरी सोडली नाही. रडली नाही, ओरडली नाही. नुसती दोरी मनगटाला गुंडाळत राहिली. या मेंढ्या गेल्या असत्या तर तिचं म्हणून या घरात काही उरलं नसतं. आमच्या मेल्या असत्या आणि तिच्या विकल्या असत्या, तर तिला दुसऱ्याच्या उसात तोडीला जावं लागलं असतं. तिला हे माहीत होतं. मुलालाही माहीत असणार.

सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण मी म्हातारी. मला सुनेची दया आली, असं कुणी समजू नये. मी व्यापाऱ्याकडं बघत होते. हा माणूस आयुष्यभर मेंढ्या बघत आला. कोरेगावपासून खंडाळ्यापर्यंत एकही बाजार सोडत नाही. तो आमच्या उंच मेंढ्यांकडं बघत नाही आणि या दळभद्र्यांवर बोट ठेवतो. जतच्या म्हाताऱ्यानं, म्हणजे सुनेच्या बापानं, औषध पाजलं नाही, डॉक्टरीण पाजू नको म्हणते, आणि आता हाही यांच्यावरच बोट ठेवतो. तिघांची आपसात ओळख नाही. मी एकाचंही ऐकलं नसतं. तिघं एकाच मेंढीकडं बोट दाखवतात, तेव्हा मात्र मला विचार करावा लागतो.

"व्यापाऱ्याला जी पायजे ती द्यायची न्हाई," मी म्हटलं. "त्याला तो थोरला बकरा दे. लय उंच हाय."

मुलगा म्हणाला, "आयं, बकरा गेला तर पुढं काय लावायचं?"

"हिच्या मेंढ्यांचा गोऱ्हा लाव."

"बकऱ्याला गोऱ्हा म्हणत न्हाईत," सून म्हणाली.

"काय म्हणत्यात ते मला शिकवू नगंस. कळतंय ना?"

व्यापाऱ्यानं बकरा नेला. मुलगा बांधावर जाऊन बसला आणि माझ्याशी परत दोन दिवस बोलला नाही. मला त्याची सवय आहे.

दुसऱ्याच दिवशी आम्ही पाट सोडला आणि वरच्या माळावर, उघड्या कोरड्या रानात गेलो. गवत कमी होतं, म्हणून मालकानं पेंडीचं पोतं दिलं. मी पोत्यात हात घालून तळापर्यंत बघितलं. पेंड चांगली होती. डॉक्टरणीनं सांगितलं होतं, दव सुकल्याशिवाय कळप सोडू नका. ते मला आधीपासून माहीत होतं. पाटाकडंच्या हिरव्या गवतापायी आम्हीच ते सोडलं होतं.

औषध पाजलं म्हणून सगळं थांबलं असं नाही. आठवडाभर आमच्या मेंढ्या पडत राहिल्या. ज्यांच्या अंगात रक्तच उरलं नव्हतं त्यांना औषध काय करणार? मी रोज पापण्या बघायची. सुनेच्या मेंढ्यांच्याही बघायची, तिनं कुरकुर केली तरी. आणि एका सकाळी तिची एक मेंढी निघाली. नुकतीच व्यायलेली. पापणी पांढरी.

"आता?" मी म्हटलं. "कुठं गेलं राखणदार?"

सुनेनं स्वतःच डॉक्टरणीला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. डॉक्टरीण म्हणाली, व्यायच्या सुमाराला आणि दूध सुरू झालं की मेंढीच्या अंगातलं सगळं बळ कासेत जातं. राखण ढिली पडते आणि दबून बसलेले जंत उठतात. चांगल्या वंशाच्या मेंढीतही हे होतं. तिला पाजा. पेंड जास्त घाला. कोकराचा भार कमी करा.

सुनेनं औषध पाजलं. मी मेंढीचं तोंड धरलं. कोकरू आम्ही कळपातल्या एका शेळीला लावलं. शेळी लाथा मारायची, तर मी तिचे पाय धरायची आणि सून कोकराच्या तोंडात सड द्यायची. त्या दिवसांत आम्ही दोघी कामापुरतं बोललो. तिनं माझी माफी मागितली नाही, मी तिची मागितली नाही. मी पिशवी उपसली होती हे तिला कळलं होतं, कारण तिनं आरसा माझ्या अंथरुणापाशी आणून ठेवला. म्हणाली, "घ्या, नीट बघा."

पाऊस सरला, वाटा वाळल्या, तसे आम्ही पुढं सरकलो. पुढच्या रानात मालकानं आग्रह केला नाही. आम्ही तीन रात्री बसलो आणि निघालो.

उन्हाळ्याच्या शेवटी आटपाडीला परत आलो, तेव्हा आमच्या खुणेच्या मेंढ्या निम्म्याहून कमी उरल्या होत्या. त्या वर्षीची त्यांची कोकरं सगळी गेली. सुनेच्या मेंढ्या सगळ्या जगल्या, एक सोडून. ती तीच, पांढऱ्या पापणीची, व्यायलेली. तिचं कोकरू शेळीच्या दुधावर जगलं.